धंदा आपला, कॉलेज कोणतं?

माझ्या मावसभावाचं अंबाजोगाईजवळ वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉल्या बनवतो. सहा कामगार आहेत. यंदा म्हणाला, "ताई, एमबीए करायचंय. फॉर्म कुठं कुठं भरू?"

आम्ही दोघं यादी करायला बसलो. नोकरी शोधणारा पोरगा आधी प्लेसमेंट बघतो. धंदेवाल्याने ते बघून काय उपयोग? त्याने बघावं की शिकताना वर्कशॉप चालू राहील का, फी धंद्यातलं भांडवल खाईल का आणि सोबत बसणारे कोण असतील. मुंबईचं जमनालाल बजाज १९६५ पासूनचं, विद्यापीठाचं, प्रवेश राज्याच्या सीईटीने, फी आयआयएमपेक्षा बरीच कमी. राज्यात नागपूरचं आयआयएम २०१५ चं, तर मुंबईचं, म्हणजे पूर्वीचं नीटी, २०२३ पासून आयआयएम. तिथं कॅट लागते. ती नोव्हेंबरअखेर असते, म्हणजे अभ्यास नेमका ट्रॉल्यांच्या सीझनमध्ये. घराजवळचं म्हणून आपलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठही यादीत घेतलं.

प्रवर्गाच्या रकान्याशी मात्र तो थांबला. "माझा धंदा चालतोय. एखाद्या गरजवंताची जागा कशाला घेऊ?"

मी विचारलं, "लोखंडाचा व्यापारी शेजारच्या वर्कशॉपला दोन महिने उधारी देतो. तुला?"

"रोख."

मित्रांनो, बाबासाहेबांनी कोलंबियाहून परतल्यावर मुंबईत शेअर्सबद्दल सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. ज्ञानात काय कमी होतं? जात कळली आणि गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. पुढे १९१८ मध्ये ते सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तर सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. धंद्यात पत लागते आणि पत ओळखीतून येते. ती ओळख ज्या वर्गखोलीत होते, तिथं आपला माणूस बसलाच पाहिजे. आरक्षण ही गरिबी हटवण्याची योजना नाही, ते प्रतिनिधित्व आहे. केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा आहेत त्या यासाठीच.

त्याची शंका मी झटकून टाकली नाही. जागा आणि पैसा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जागा हक्काने घ्यावी. पण फी भरण्याची ऐपत असेल तर शिष्यवृत्ती ऊसतोड कामगाराच्या लेकरासाठी सोडावी. धंदेवाल्यांसाठीच्या जादा फीच्या कोर्सला आरक्षण लागू आहे का, हेही अर्ज करण्याआधी लेखी विचारावं.

त्याने रकाना भरला. वर्कशॉपचा हिशेब आता वहिनी बघणार आहे. खरं तर पुढचा फॉर्म तिचाच असायला हवा.

जय भीम!