गाण्याची मागची बाजू

निपाणीत दिवेलागणीला वखारींवरून वारा फिरला, की तंबाखूचा तो उग्र, गोडसर, नाकाला झोंबणारा वास गल्लीबोळांत उतरतो; आणि त्याच्या पाठोपाठ मला हटकून ऐकू येते ती कात्रीची कचकच, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांची कुजबुज, आणि आक्काच्या ओठांतून अर्धीमुर्धी सुटणारी ‘माझी मैना’.

अण्णाभाऊ साठ्यांची ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीतली. अमर शेखांच्या पहाडी आवाजानं ती मैदानोमैदान गाजली. पोटासाठी मुंबई गाठलेला गडी, गावाकडे राहिलेली त्याची मैना, तिचं रूप, त्याचं झुरणं, यातच गाणं कितीतरी वेळ रमतं. वाटेगावाहून पायी मुंबईला गेलेल्या माणसाला हे झुरणं कुणी शिकवावं लागलं नसेल. मग अगदी शेवटी ते वळण घेतं, आणि मैनेच्या जागी बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव येऊन उभी राहतात.

जुन्या तबकडीला दोन बाजू असत. लोक विकत घेत ती पुढच्या बाजूसाठी. मागचं गाणं आपलं सोबतीला येई, आणि कधी कधी तेच घरात मुक्कामाला राही. मैनेचं आमच्याकडे तसंच झालं. मुंबईकडचे रसिक तिच्या रूपावर माना डोलावत असतील, खुशाल डोलवोत. इथं मात्र म्हणणाऱ्याला मध्येच कुणीतरी हाळी द्यायचं, ‘शेवटचं म्हण की रे!’ १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तो आमच्यावाचून. गड्याला मुंबई मिळाली. मैना राहिलीच.

पण आक्का ते शेवटचं कधी म्हणायचीच नाही. तिचे मालक मुंबईच्या गिरणीत. शिमग्याला येत, आले तर येत. छक्कड सगळी गड्याच्या तोंडची, मैना तिच्यात नुसती दिसते, बोलत नाही. तरी आक्का तेच त्याचे शब्द, काडीचाही बदल न करता, स्वतःसाठी म्हणत राहायची, जणू त्यानं तिथून धाडलेलं पत्र हिनं इथं पुन्हा पुन्हा वाचावं. शेजारच्या कानडी मावशी वळता वळता मान हलवून ठेका धरायच्या. एकदा त्यांनी विचारलं, ही मैना म्हणजे कोण गं?

‘मीच की,’ आक्का म्हणाली, ‘आनि कोण?’