मोबाइलमधला दाब आणि माझी दुबार पेरणी



काल मूर्तिजापूरकडच्या एका पोराचा फोन आला. "भाऊ, मोबाइलमध्ये हवेचा दाब ९७१ दाखवून राह्यला. वादळ येते काय?" हसू आलं, अन् लाज बी वाटली. २०२३ च्या जूनमध्ये हाच गाढवपणा मी केला होता.

त्या साली मृग कोरडा चालला होता. बिपरजॉय वादळ अरबी समुद्रात होतं, १५ जूनला ते गुजरातच्या किनाऱ्याला लागलं. आपल्याकडे फक्त एक शिरवा. बातम्यांत दाब १००४, माझ्या फोनवर ९६९. शिवाय सकाळी दहाचा आकडा दुपारी चारला तीनेकनं खाली. म्हटलं, पाणी आलंच! चार एकरात सरकी लावून मोकळा झालो. शेजारचे काका म्हणाले, "काहून रे, मोबाइलमंधून पानी पडते काय?" आठ बॅगा मातीत गेल्या. आमचं वावर खारपाणपट्ट्यातलं, दर्यापूर तालुका. विहिरीचं पाणी खारं, कोंब वाचवायला काहीच नाही.

चूक कुठं झाली ते नंतर समजलं. हवेला वजन असते. आपल्या डोक्यावर जेवढी हवा, तेवढा दाब. समुद्रकाठी सरासरी १०१३ मिलिबार. वर चढलं की नऊएक मीटरला एक मिलिबार कमी होतो. आपला भाग तीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे पस्तीसेक मिलिबार नुसत्या उंचीनंच गेले. तोच फोन चिखलदऱ्याला न्या, ९०० च्याही खाली दाखवेल, तिथं काही रोज वादळ नसते! हवामान खातं हा उंचीचा फरक काढून, समुद्रसपाटीचा दाब नकाशावर लिहिते.

अन् दुपारचा तो उतार? तो रोजचाच. सूर्याच्या तापण्यानं वातावरणाला भरती-ओहोटी येते. दोन्ही दहाच्या सुमारास दाब चढतो, दोन्ही चारच्या सुमारास उतरतो. म्हणून आजचे दहा कालच्या दहाशीच ताडून पाहायचे.

मी आता वारा जास्त पाहतो. वारा कमी दाबाकडे निघतो, पण पृथ्वी फिरते म्हणून आपल्या गोलार्धात उजवीकडे वळतो. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, कमी दाब डाव्या हाताला. अरबी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याचं बरंचसं पाणी सह्याद्रीच पिऊन घेते. आपली भिस्त बंगालच्या उपसागरावर. तिथला कमी दाबाचा पट्टा ओडिशा, छत्तीसगडवरून सरकला की त्याच्या नैऋत्य बाजूला पाऊस जोरदार, अन् आपण नेमके त्या बाजूला येतो. मान्सूनचा आस हिमालयाच्या पायथ्याला गेला की मात्र नुसता पश्चिमेचा भणभण वारा. त्याच २०२३ चा ऑगस्ट असाच गेला, १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा. माझी दुबार पऱ्हाटी तेव्हा गुडघ्याएवढी बी नव्हती.

पोराला विचारलं, "वावरात पाणी किती झालं?"

"चाळीस मिलिमीटर असेल."

कृषी विद्यापीठवाले ७५ ते १०० सांगतात. वारा कुठला, तर म्हणे पश्चिमेचा. काल दहाला दाब किती होता? तो बी ९७१.

"मग बॅग फोडू नको अजून," म्हटलं. "उद्या दहाला पाहून फोन कर."