दोन घरची लेक

बरेच दिवस झाले, इथे काही लिहिलं नव्हतं. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग दिवाळी, मग पाहुणे. आता नवा चष्मा आला आहे, त्यामुळे सबबही उरली नाही.

मागच्या आठवड्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. ती एकटी राहते, नोकरी करते, वय ४२. म्हणाली, "मावशी, एक मूल सांभाळायला घ्यावं म्हणते. दत्तक नाही, फॉस्टर केअर. २०२४ पासून नियम बदललेत, एकट्या माणसालाही घेता येतं. तू केलं होतंस ना? कसं असतं गं?" मी "बरं, सांगते" एवढंच म्हणाले. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंच. म्हणून इथे लिहिते. ती वाचेलच, तुम्हीही वाचा.

आधी एक फरक सांगते, कारण नात्यातली शिकलेली माणसंसुद्धा त्यात गोंधळतात. दत्तक घेतलेलं मूल कायद्यानं आपलं होतं, त्याला आपलं नाव लागतं, वारसा मिळतो. सांभाळायला घेतलेलं मूल आपलं होत नाही. त्याचं नाव, आडनाव, आई, आजी सगळं त्याचंच राहतं. आपण मधल्या काळापुरते. वाचताना सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

मी २००९ साली जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. शेवटच्या वर्षी माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. त्यातली एक मुलगी, नाव सांगत नाही, पहिल्या बाकावर बसायची आणि पाढे म्हणताना डोळे मिटायची. पुढच्याच वर्षी, २०१०च्या पावसाळ्यात, दुबार पेरणीही वाया गेली आणि तिच्या बापानं स्वतःला संपवलं. आपल्या यवतमाळ जिल्ह्याला अशा बातम्या नव्या नाहीत, हे लिहितानाही लाज वाटते. असं घर सरकारी चौकशीत पात्र ठरलं तर एक लाखाची मदत मिळते. हे अपात्र ठरलं. सातबारा आजोबांच्या नावावर होता, कर्ज खाजगी होतं. आई भ्रमिष्टासारखी झाली, जेवेना, पोरांना ओळखेना. तिला तिच्या भावानं माहेरी नेलं.

एका संध्याकाळी मुलीची आजी तिला घेऊन माझ्या दारात आली. "नातवाले मी पाहून घेईन बाई, पण दोघं नाई होत माह्याच्यानं. हिले तुमच्यापाशी ठेवा जी." मुलीच्या हातात लाकडाचा एक छोटा बैल होता. तान्ह्या पोळ्याला बापानं घेऊन दिलेला. एक शिंग तुटलेलं.

आमचे हे पोस्टातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांनी उठून तिच्यासाठी ताट वाढलं. झाला निर्णय! नागपूरचा मुलगा मात्र रागावला. "आई, तुमचं वय काय? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" त्याचं चुकलं नव्हतं. मी मात्र चार दिवस त्याच्याशी बोलले नाही.

घरात ठेवून घेतलं की झालं, अशी माझी समजूत. शाळेतल्या एका जुन्या सहकारी शिक्षिकेनं टोकलं, "बाई, कागद करा. उद्या कोणी विचारलं, ही पोर तुमच्या घरी कशी, तर काय सांगाल?" तेव्हा बालकल्याण समिती आणि बालसंगोपन योजना हे शब्द मला कळले. ३५ वर्षं मुलांमध्ये घालवली आणि हे माहीत नव्हतं! मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, रेशनकार्ड, मग घरी येऊन चौकशी. एस.टी.नं यवतमाळला किती खेपा झाल्या, मोजल्या नाहीत. अनुदान तेव्हा अगदी थोडं होतं. पुढे बरीच वर्षं ते महिना ४२५ रुपये होतं, मग ११०० झालं, आणि २०२३ पासून २२५० आहे. योजनेला आता सावित्रीबाईंचं नाव आहे.

पण त्या खेपांनीच मला सावरलं. बाहेर कडुलिंबाखाली आमच्यासारख्याच बायका बसलेल्या असायच्या. बहुतेक आज्या, एखादी मावशी, एखादी काकू. कोणाचा जावई गेलेला, कोणाची लेक. भाकर-ठेचा सोडायचा आणि बोलायचं. घरी मी कोणाला सांगू शकत नव्हते की मुलगी रात्री उशीखाली भाकर लपवते, अंथरूण ओलं करते, आणि मी जवळ घेतलं की लाकडासारखी ताठ होते. तिथे सांगितलं. एक आजी हसून म्हणाली, "लपवू द्या जी. पोटाले भरोसा आला का आपोआप सोडते." दुसरी म्हणाली, "जवळ घेऊ नका. जवळ बसा." शिक्षकी पेशाच्या पदविकेत बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या गुणांनी पास झाले होते, पण हे त्यात नव्हतं. दिवाळीपर्यंत भाकर लपवणं थांबलं. जवळ यायला पुढचा पोळा उजाडला.

ती मला "बाई"च म्हणायची. यांना "आबा" म्हणायला लागली, पण मी बाई. मला ते टोचायचं. आलेल्यागेलेल्यांना मी तिच्यासमोर सांगायची, "आता आमचीच आहे ही." ती खाली मान घालून बैलाच्या तुटक्या शिंगावरून बोट फिरवत राहायची. मला ते दिसत होतं, पण मी बघत नव्हते.

आता खरं ते लिहिते. २०१३ मध्ये आजीनं निरोप आणला की तिच्या आईला औषधानं गुण आलाय, ती गावी परतलीय, पोरीची वाट पाहतेय. मी म्हणाले, "परीक्षा होऊ द्या." परीक्षा झाली. मग म्हणाले, "सहावी इथेच होऊ द्या, मध्येच शाळा बदलली तर नुकसान होतं." शिक्षिकेच्या तोंडी असलं कारण शोभतं, कोणी शंका घेत नाही. आतलं कारण वेगळं होतं. त्या बाईनं बरं होऊच नये असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा. हे मी यांनाही कधी सांगितलं नाही.

कडुलिंबाखालच्या आजीला मात्र कळलं. तीच ती, भाकर लपवू द्या म्हणणारी. माझी कारणं ऐकून घेतली, तंबाखूची चिमूट टाकली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही पोरगी सांभाळून राह्यल्या का पोरीची माय तोडून राह्यल्या?"

परतताना एस.टी.त जागा मिळाली होती, तरी मी उभीच राहिले, इतकं सुचेनासं झालं होतं.

२०१४च्या जूनमध्ये ती गेली. तोवर आईला अंगणवाडीत मदतनिसाचं काम मिळालं होतं. दप्तर, दोन फ्रॉक, पाटीएवढी वही. हे अंगणात तासभर सायकल दुरुस्त करत बसले, सायकलला काही झालेलं नसताना. बैल तिनं माझ्या हातात दिला. "तुमच्यापाशीच राहू द्या, बाई. मी तान्ह्या पोळ्याले येतो ना." आणि आली. तेव्हापासून, दोन करोनाची वर्षं सोडली तर, तिचा तान्हा पोळा चुकलेला नाही.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, आठवत असेल. उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी, शेतकऱ्याच्या विधवेनं. मंडपात आम्ही तिघी शेजारी बसलो होतो, मध्ये ती, दोन्ही बाजूंना तिची आई आणि मी. वैशालीताई बोलायला उभ्या राहिल्या तशी तिच्या आईनं लेकीच्या मांडीवरून हात टाकून माझा हात धरला. त्या दिवशी माझ्या मनातलं ते जुनं पाप थोडं हलकं झालं.

२०२१ मध्ये हे गेले. तेराव्यापर्यंत त्या दोघी मायलेकी माझ्याकडे राहिल्या. स्वयंपाक तिच्या आईनं केला. नागपूरच्या मुलानं निघताना त्या बाईंना वाकून नमस्कार केला. अकरा वर्षांपूर्वी चिडलेला तोच मुलगा.

तर बाळे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कायद्याचं तू माझ्यापेक्षा जास्त वाचलं असशील. २०१५चा बाल न्याय कायदा, २०२४ची नवी मार्गदर्शक तत्त्वं. मूल कायद्यानं दत्तकासाठी मोकळं असेल तर पूर्वी पाच वर्षं सांभाळल्यावर दत्तक मागता यायचं, आता दोन. पण ती आशा मनात धरून मूल आणू नकोस. आईवडील असलेलं मूल आलं तर त्याची परतीची वाट पहिल्या दिवसापासून झाडून ठेव. त्याच्या घरचं जे काही हातात घेऊन येईल, तुटकं असलं तरी, जपून ठेव. त्याच्या माणसांना घरी जेवायला बोलाव. आणि स्वतःसाठी एक कडुलिंब शोध, म्हणजे अशी माणसं की ज्यांना तुझ्या मनातलं वाईटही सांगता येईल. कौतुक करणारे पुष्कळ भेटतात, त्यांचा तेव्हा उपयोग होत नाही.

ती आता २३ वर्षांची आहे, नर्सिंग करून नोकरीला लागली. परवा तिनं एका मैत्रिणीला फोनवर सांगितलं, "मी बाईकडे आलीय." मैत्रिणीनं विचारलं असावं, कोण बाई? ती म्हणाली, "अगं, माझी बाई." मी आत तूर निवडत होते. मला तेवढं पुरे.

अजून काही विचारायचं असेल तर फोन कर. फक्त रविवारी संध्याकाळी नको, तेव्हा तिचा येतो.