औंदा कोण मारतंय

2025 च्या 15 ऑगस्टला, शुक्रवारी, इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा नवा हंगाम सुरू होतोय. पहिला सामना लिव्हरपूल आणि बोर्नमथ यांचा. तिकडे रात्रीचे आठ वाजलेले असतील, इकडे बगरूत साडेबारा, म्हणजे तारीख 16 लागलेली. त्याच्या आत आमच्या घरातली एक वही भरून व्हावी लागते.

वहीचे नियम साधे आहेत. वीस संघ, पहिल्यापासून विसाव्यापर्यंत, हंगामाच्या शेवटी ज्या क्रमाने असतील असं वाटतं त्या क्रमाने लिहायचे. प्रत्येक नावापुढे एका वाक्यात कारण. आणि सगळं मराठीत. भाकीत करणारे तिघं: कोल्हापुरात माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो, मी, आणि माझी मुलगी. अप्पा फोनवर सांगतात आणि मुलगी लिहून घेते. ती आठ वर्षांची असताना हे सुरू झालं. आता ती पंधराची आहे आणि दहावीत आहे.

कोल्हापुरात वाढलेल्याला फुटबॉल कुठून आला हे विचारावं लागत नाही. आमच्याकडे संघांना तालमींची नावं आहेत: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. कुस्तीच्या आखाड्यांभोवती जमलेली पोरं शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळायला लागली आणि पेठापेठांमधली चुरस त्या मैदानावर उतरली. अप्पांसाठी फुटबॉल म्हणजे हेच. इंग्लंड त्यांच्या आयुष्यात बरंच उशिरा, केबलवरून आलं, आणि त्यांनी ते आणखी एक पेठ असल्यासारखं स्वीकारलं.

माझं आर्सेनलशी जमलं ते कोलकात्यात. जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्यात एम. ए. करत होते, तेव्हाचा 2003-04 चा हंगाम. वसतिगृहात अर्ध्या मुली ईस्ट बंगालच्या, अर्ध्या मोहन बागानच्या. 2003 च्या जुलैमध्ये ईस्ट बंगालने जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकली होती आणि त्या मुली वर्षभर त्याच तोऱ्यात होत्या. मी दोन्हीकडची नव्हते. टीव्हीच्या खोलीत रात्री उशिरा जो सामना लागेल तो बघत बसायचे, आणि त्या वर्षी आर्सेनल हरायलाच तयार नव्हतं. 38 सामने, 26 विजय, 12 बरोबरी, पराभव एकही नाही. मला वाटलं, हे असंच असतं. त्याला 2025 मध्ये एकवीस वर्षं झाली आणि तोवर आर्सेनलने पुन्हा लीग जिंकलेली नव्हती.

बगरूला आले ती लग्नानंतर. जयपूरपासून तीसेक किलोमीटरवर, अजमेर रस्त्यावर हे गाव आहे, आणि गावाची ओळख ठसेछपाई. नवरा इथल्या एका कारखान्यात रंगांचं काम बघतो. मी घरी बसून हिंदी आणि बंगालीतून मराठीत अनुवाद करते. ‘छपाई’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पुस्तक येतं आणि माझ्या मुलीच्या डोळ्यांपुढे कापड, यातच आमच्या दोघींचं बरंचसं अंतर आलं. ती शाळेत हिंदी आणि इंग्रजी बोलते, गल्लीत ढूंढाडी. मराठी तिला समजते, बोलते, पण लिहायचा प्रसंग येत नाही. सुट्टीत मराठी पुस्तकं आणून ठेवली ती तशीच राहिली. शुद्धलेखन घालायला लागले तर पोट दुखायला लागायचं. पण आर्सेनल दुसरं येणार की पहिलं, या प्रश्नावर ती पान भरून लिहायला तयार असते. तेव्हा वही भाकितांची आहे हे खरं, पण मी ती कशासाठी जपते ते सांगून टाकलेलं बरं. माझ्या मुलीच्या हातचं मराठी एवढंच आहे. वर्षाला तीन-चार पानं.

या पानांनी मला माझ्याच भाषेचा भविष्यकाळ नव्याने दाखवला. पहिल्या वर्षी अप्पांनी फोनवर सांगितलं, “औंदा सिटी मारतंय बघ.” मुलीने विचारलं, मारतंय म्हणजे आत्ता? हंगाम तर सुरूच झाला नाही. तिला समजावून सांगताना लक्षात आलं की आपण भविष्याबद्दल बोलायला सगळे काळ वापरतो. खात्री असली की कोल्हापुरात वर्तमानकाळ: मारतंय, हरतंय. त्याहून खात्री असली की थेट भूतकाळ: “संपलं, गेलं युनायटेड औंदा!” आणि दारातून हाक आली की उठायच्या आधीच आपण म्हणतो, “आले, आले!” उरला तो पाठ्यपुस्तकातला भविष्यकाळ, त्यातही दोन वाटा. ‘जिंकणार’ म्हटलं की ठरल्यासारखं वाटतं. ‘जिंकेल’ म्हटलं की त्यात थोडी हवा खेळती राहते. आणि स्वतःबद्दल बोलताना ‘करीन’ म्हटलं की तो अंदाज राहत नाही, शब्द दिल्यासारखा होतो.

मुलीच्या बगरूतल्या मैत्रिणी म्हणतात, “आर्सेनल जीतेगी.” टीम स्त्रीलिंगी, म्हणून जीतेगी; क्लब म्हटलं तर जीतेगा. हिंदीत भविष्य सांगण्याआधी लिंग ठरवावं लागतं. मराठीत ‘जिंकेल’ला त्याची गरज नाही, बंगालीतल्या ‘जितबे’लाही नाही. अनुवाद करताना मी या गोष्टींशी रोज झगडते, पण माझ्या मुलीने त्या वहीत आपणहून वेगळ्या केल्या. आता ती आपल्या यादीत पहिल्या चार संघांना ‘णार’ लावते आणि मधल्या सगळ्यांना ‘ईल’. मी तिला हे शिकवलं नव्हतं.

कारण लिहायचा नियम माझा. भाकितांची आपल्याकडे कमी नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या पहाटे कोणता दाणा कुठे सरकला ते बघून पाऊसपाण्याचं, पिकांचं, राजकारणाचंही भाकीत सांगतात. इकडे राजस्थानात फलोदीचा सट्टाबाजार प्रसिद्ध आहे. निवडणूक असो की पाऊस, तिथला भाव काय आहे ते देशभरच्या वाहिन्या सांगतात. भेंडवळला कारण विचारता येत नाही, आणि फलोदीत भाव हेच कारण. इंग्लंडच्या सट्टेवाल्यांनी 2015 च्या ऑगस्टमध्ये लेस्टर सिटीला एकास पाच हजार भाव दिला होता. मे महिन्यात लेस्टर विजेता झाला. म्हणून मला भावापेक्षा कारण बरं वाटतं. भाकीत चुकलं तरी कारण वाचता येतं.

तर या वर्षीची माझी यादी. पहिलं आर्सेनल. चाहतीने आपल्याच संघाला वर चढवलं तर तिने इतरांपेक्षा जास्त कारणं द्यायला हवीत, म्हणून देते. गेल्या तिन्ही हंगामांत आर्सेनल दुसरं आलं. 2023-24 मध्ये 89 गुण मिळवूनही मँचेस्टर सिटीपेक्षा दोन कमी पडले. गेल्या हंगामात सगळ्यांत कमी, 34 गोल त्यांनीच खाल्ले. मग अडलं कुठे? चौदा बरोबऱ्यांत. कोंडलेला सामना फोडणारा पुढचा माणूस नव्हता. आता व्हिक्टर ग्योकेरेश आलाय, ज्याने पोर्तुगालच्या लीगमध्ये गेल्या हंगामात 33 सामन्यांत 39 गोल केले. पोर्तुगाल म्हणजे इंग्लंड नव्हे हे मलाही कळतं. पण चौदातल्या पाच बरोबऱ्या विजयांत बदलल्या तर दहा गुण वाढतात, आणि गेल्या वर्षी लिव्हरपूल नेमकं दहाच गुणांनी पुढे होतं: 84 आणि 74.

दुसरं लिव्हरपूल. गेल्या वर्षी क्लॉप गेल्यावर नवा आलेला आर्ने स्लॉट चार सामने बाकी असतानाच लीग जिंकेल असं म्हणणारे फार थोडे होते. या वर्षी त्यांनी फ्लोरियन व्हिर्ट्झसाठी शंभर मिलियन पौंडांच्या वर तयारी दाखवली. पण संघाचा उजवा कोपरा वर्षानुवर्षं सांभाळणारा ट्रेंट माद्रिदला गेला. तिसरं सिटी. चौथं चेल्सी, कारण जुलैत अमेरिकेत क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पॅरिसला त्यांनी तीन गोलांनी हरवलं. मात्र त्यामुळे त्यांना सुट्टी जवळजवळ मिळालीच नाही, आणि ती थकवा म्हणून जानेवारीत वसूल होईल. युनायटेड गेल्या वर्षी पंधरावं आलं आणि टॉटनहॅम सतरावं, तरी युरोपा लीगचा अंतिम सामना या दोघांतच झाला. तो टॉटनहॅमने जिंकला. अशा दोन संघांबद्दल कारणासह काही लिहिणं कठीण आहे. दोघांना मी मध्यावर ठेवून दिलंय.

खाली जाणारे तीन: बर्नली, संडरलँड, ब्रेंटफर्ड. खालच्या विभागातून वर आलेले तिन्ही संघ त्याच वर्षी परत खाली गेले, हे सलग दोन हंगाम घडलंय. वर आणि खाली यांतली पैशांची दरी आता उडी मारून पार होण्याजोगी राहिलेली नाही. साउथॅम्प्टनला गेल्या वर्षी 38 सामन्यांत 12 गुण मिळाले. लीड्स टिकेल असं वाटतं, म्हणून तिसरं नाव ब्रेंटफर्डचं: त्यांचा प्रशिक्षक टॉटनहॅमला गेला आणि गेल्या वर्षी वीस गोल करणारा म्ब्वेमो युनायटेडला.

अप्पांची यादी लहान वाक्यांची असते. “सिटी. ते टकलं गप बसायचं न्हाई.” यातलं टकलं म्हणजे ग्वार्दिओला. मुलीने हे जसंच्या तसं लिहिलंय आणि मी दुरुस्त केलेलं नाही.

वहीत ज्याला रकाना नाही असंही काही असतं. 3 जुलैला स्पेनमध्ये मोटार अपघातात लिव्हरपूलचा दियोगो जोटा गेला, सोबत त्याचा भाऊही. वय 28. लग्नाला दोन आठवडेही झाले नव्हते. मुलीने लिव्हरपूलपुढे कारण लिहिताना पेन थांबवलं आणि विचारलं, “आई, दुःखामुळे संघ जास्त चांगला खेळतो की वाईट?” मी म्हटलं, याचं भाकीत आपण करायचं नाही. तिने ती ओळ मोकळी सोडली. वहीतली ती एकच मोकळी ओळ.

या वर्षी आणखी एक प्रश्न तिने काढला: आपल्या लीगचं काय? इंडियन सुपर लीग चालवणाऱ्या कंपनीने 11 जुलैला कळवलं की 2025-26 चा हंगाम तूर्त थांबवलाय, कारण महासंघाशी असलेला 2010 पासूनचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं ठरलेलं नव्हतं. आय-लीगची तऱ्हा वेगळी. एप्रिलमध्ये गोव्याचा चर्चिल ब्रदर्स विजेता ठरला आणि जुलैत स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने विजेतेपद वाराणसीच्या इंटर काशीला दिलं. इथे तर मागच्या हंगामाचंच भाकीत करावं लागतं. जयपूरच्या राजस्थान युनायटेडने 2022 मध्ये ड्युरँड करंडकात मोहन बागानला 3-2 हरवलं तेव्हा बगरूतल्या पोरांनी निळ्या प्लास्टिकच्या चेंडूने दोन दिवस तोच सामना खेळला होता. त्या पोरांना पुढच्या वर्षी कोणता सामना बघायला मिळेल हे सांगता येत नाही, आणि बोर्नमथचा डावा बचावपटू कोण असेल हे मी सांगू शकते. हे मला नीट वाटत नाही, पण असं आहे.

म्हणून मुलीने शेवटी एक नवं पान जोडलं. 5 जुलैला भारताच्या मुलींनी चियांग माईत थायलंडला 2-1 हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि 2026 च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात होणाऱ्या आशियाई करंडकासाठी त्या पात्र ठरल्या. त्या पानावर तिने सगळीकडे ‘णार’ लावलाय.

मार्चमध्ये तिची दहावीची परीक्षा असेल. लीग 24 मे रोजी संपते. त्याच सुमारास निकाल लागेल आणि मग अकरावीसाठी ती बाहेर जाईल. कुठे ते अजून ठरलेलं नाही. इथल्या छिप्यांचं काम मी रोज बघते. हरड्यात बुडवून पिवळट केलेल्या कापडावर ते तुरटीचं बेगर छापतात तेव्हा लाल रंग दिसतच नाही. तो उघडतो नंतर, धायटीच्या फुलांबरोबर कापड उकळल्यावर. छापणारा माणूस दिवसभर न दिसणाऱ्या रंगाच्या भरवशावर ठसे मारत जातो. पावसाळ्यात कापड वाळत नाही म्हणून काम मंदावतं, आणि सगळे आभाळाकडे बघत बसतात. तिच्या मराठीचं काय होईल याबद्दल मीही काही रकाना आखलेला नाही.

तिच्या यादीत पहिलं आर्सेनल आहे, घरचंच. माझ्याशी वाद सतराव्या जागेवर. “संडरलँड टिकणार,” तिने लिहिलंय, “कारण झाका आलाय आणि तो कोणाचं ऐकत नाही.” ग्रानिट झाका आमच्याच आर्सेनलचा जुना कप्तान, त्यामुळे हे कारण मला खोडता आलं नाही.

पान संपवून तिने विचारलं, पुढच्या वर्षी मी हॉस्टेलवर असले तर फोनवर सांगितलेलं चालेल ना, आजोबांसारखं? मी म्हटलं, चालेल.

“पण मग वहीत लिहिणार कोण?”

मी लिहीन, म्हटलं. पण तू सांगायचं मराठीतच.