निमगोरी

मलिक अंबरच्या मुलीवर मराठीत दरबारी प्रेमकथा लिहायला घेतली की पहिली अडचण नावाची येते आणि ती सुटते. तिचे खात्रीचे नाव हाती लागत नाही, तेव्हा लेखक एखादे ठेवून मोकळा होतो. दुसरी अडचण रंगाची. ती सुटत नाही.

तिचा बाप हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियातला. १५४८च्या सुमारास जन्मलेला, मूळ नाव चापू. गुलामांच्या बाजारात हात बदलत तो अहमदनगरला चंगेजखानाच्या पदरी आला. हा चंगेजखान निजामशाहीचा पेशवा, आणि तोही हबशीच. मोगलांनी १६०० साली अहमदनगर घेतल्यावर अंबरने राजघराण्यातला एक तरुण शोधला, दुसरा मुर्तजा म्हणून त्याला परांड्याला गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. राजधानी पुढे जुन्नरला आली. मुर्तजाची पहिली बेगम इराणी, गोरी. पीटर व्हान डेन ब्रूक हा डच व्यापारी १६१७ साली अंबरला भेटला होता. त्याने लिहून ठेवलेली हकीकत अशी : बेगमेने अंबरच्या मुलीला काफर बाई, नुसती रखेली म्हणून हिणवले आणि तिचा बाप बंडखोर असल्याचे ऐकवले, मुलीने ते दुसऱ्या कुणामार्फत बापाच्या कानी घातले, बाप खवळला, आणि राजा व बेगम दोघेही विषाने मेले. साल १६१०. गादीवर पाच वर्षांचे पोर बसले.

हकीकत ऐकीव आहे, सात वर्षांनंतरची आणि परक्या कानांनी टिपलेली. तरी लघुकादंबरीला एवढे बीज पुरते. दरबारातल्या काळ्या स्त्रीची कथा लिहायची तर पाश्चात्त्य लेखकाला चौथ्या जेम्सचा स्कॉटलंडचा दरबार खुला असतो. एडिनबरोत १५०७ साली एका काळ्या स्त्रीच्या मानार्थ सरदारांच्या झुंजींचा सोहळा झाला. तिच्या झग्याचे कापड खजिन्याच्या वह्यांत नोंदले गेले, नाव मात्र नाही. पण तिथल्या लेखकाच्या हाताशी विल्यम डनबार या दरबारी कवीची टवाळखोर कविता असते. वाईट असली तरी तिच्यात रंगाला शब्द आहे. जुन्नरच्या कथेत डच माणसाने ऐकलेली एक शिवी तेवढी उरते.

अंबरचा स्वतःचा रंग मात्र नीट नोंदलेला आहे. जहांगीर आपल्या आठवणींत त्याच्या काळेपणावरून शिव्याशाप देतो, आणि अबुल हसनने काढलेल्या चित्रात तो अंबरच्या तुटलेल्या डोक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात ते डोके त्याला कधीच मिळाले नाही. अंबर १६२६ साली म्हातारपणी मेला आणि खुलदाबादला पुरला गेला. हाशिमच्या चित्रात तो पांढऱ्या जाम्यात, एका बाजूने दिसतो. नाक, ओठ, कपाळ, सगळे स्पष्ट. कन्येचे चित्र असल्याचे कुणी सांगत नाही.

मराठी लेखकाचा हात इथे आपोआप ‘सावळी’कडे जातो. शब्द सोयीचा आहे. त्याच्यामागे विठ्ठल उभा असतो, कृष्ण उभा असतो. वाचकाचे मन आधीच वळलेले असते. ‘सावळी’ म्हटले की रंग राहतो, खुपणे जाते. ‘श्यामला’ त्याहून वाईट, कारण तिला वृत्ताचा वास येतो. ‘कृष्णवर्णी’ हा सरकारी अर्जातला शब्द. बापाच्या नावावर कोटी करण्याचा मोह तर कुणालाच आवरत नाही : मराठीत अंबर म्हणजे आकाश किंवा वस्त्र, आणि अरबीत समुद्रातून मिळणारे एक गडद, सुगंधी द्रव्य. ही कोटी प्रस्तुत लेखकाने पहिल्याच पानावर केली होती आणि तीन वर्षे तिच्यावर खूश होता.

त्याची खुशी तेवढ्यावर थांबत नव्हती. २०१६च्या जानेवारीत पिंपरीत ८९वे साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपले पुस्तक त्या मांडवात प्रकाशित व्हावे अशी त्याची इच्छा होती. पुस्तक झाले नाही. भाषण मात्र तयार होते. पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या इतर लेखकांविषयीही त्याला बरेच म्हणायचे असते. चाकणच्या भुईकोटात १६६०चा फिरंगोजी नरसाळ्यांचा लढा सोडून लिहिण्याजोगे काही घडलेच नाही, असा त्यांचा समज आहे, आणि ऐतिहासिक संवाद म्हणजे दर तिसऱ्या ओळीला ‘आज्ञा, महाराज’. ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी १८७१ साली आली. तेव्हापासून या प्रकाराने घोडे भरपूर पाळले, पण हबशी माणसाला पहारेकऱ्याच्या वर चढू दिले नाही. हे मत खरे मानले तरी ते मांडणाऱ्याने स्वतःच्या नायिकेला काय केले होते, हे पाहण्यासारखे आहे.

ते त्याला दाखवले त्याच्याकडे रविवारी लिहायला शिकायला येणाऱ्या मुलीने. ती चाकणच्या एका कारखान्यात लाइनवर उभी असते, रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसने मोशीला उतरते आणि झोपायच्या आधी दोन तास वही घेऊन बसते. हस्तलिखित वाचताना तिने ‘सावळी’ शब्दाखाली पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. एकेचाळीस. मग म्हणाली, “सर, घरच्यांनी माझ्या लग्नाच्या बायोडाट्यात वर्णाच्या रकान्यात ‘निमगोरी’ लिहिलंय. तुम्हीपण हिचं तेच केलंत.”

ती स्वतः काळी आहे. हे वाक्य असे लिहिताना प्रस्तुत लेखकाचे पेन आजही अडखळते, आणि अडचण नेमकी हीच आहे. मराठीत ‘काळी’ हा शब्द रंगापाशी थांबत नाही. त्याला हळहळ चिकटते, नाहीतर ‘पण नाकीडोळी नीटस’ असे शेपूट लागते. शेपूट न लावता एका स्त्रीला काळी म्हणायचे आणि त्याच वाक्यात राजाने तिच्याकडे पाहावे, एवढे साधायला त्याची दीड वर्षे गेली. परांड्याच्या तटावरचा पहिल्या भेटीचा प्रसंग, ज्यावर ओळखीपाळखीत टाळ्या मिळत असत, कापावा लागला. तिथे चांदणे होते, आणि चांदण्यात कुणाचाच रंग सांगावा लागत नाही. त्यासाठीच तो प्रसंग रात्री घडवला होता, हे त्याला कापतानाच कळले.

नव्या मसुद्यात मुर्तजा तिला दुपारी पाहतो. जुन्नरला उन्हात ती अंगणात पाय धुते आहे. घोट्यापर्यंतचा काळा रंग आणि तळव्यांचा फिका, मध्ये ओल्या पैंजणांची रेघ. राजा पाहतो आणि लेखक गप्प बसतो. हे प्रेम आहे की बापाच्या धाकाखालचा संसार, हे साधनांतून कळत नाही. प्रस्तुत लेखकाने ते प्रेम मानले आहे, कारण नाहीतर विषाला काही वजन राहत नाही.

उरली शिवी. बेगम बोलली असेल फारशीत, निरोप दखनीत गेला असेल, आणि पान मराठीत आहे. ‘रखेली’ला आज सिनेमाचा वास येतो. ‘कुणबीण’ आणि ‘बटीक’ हे जुन्या कागदांतले दासीसाठीचे शब्द. शिष्येने ‘बटीक’ निवडला, कारण तिच्या आजीच्या तोंडी तो होता आणि आजी तो दात आवळून म्हणे. डच हकीकतीत निरोप नेणाऱ्याचा चेहरा नाही. आता त्या जागी एक म्हातारी दाई आहे, तीही हबशीण. ती अंबरसमोर उभी राहते, सगळे सांगते, आणि तो एक शब्द तेवढा गाळते. अंबर विचारतो, “आणखी काय म्हणाली?” दाई खाली बघते. तो पुन्हा विचारतो. मग ती शब्द उच्चारते, आणि प्रकरण तिथे संपते.