पुतण्या मासे मोजतो

आमच्या हिमायतनगरात समुद्राविषयी दोनच गोष्टी ठाऊक आहेत. एक, त्याचे पाणी खारट असते. आणि दोन, तो मुंबईला असतो. परमेश्वराचे देऊळ, महाशिवरात्रीची जत्रा, कापूस, सोयाबीन आणि पैनगंगा एवढ्यात आमचा भूगोल आटोपतो. समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. अशा गावातल्या, त्यातून माझ्या थोरल्या भावाच्या माळकरी घरातल्या पोराने समुद्रातल्या माशांवर संशोधन करावे, याला प्रारब्ध म्हणायचे की प्रवेशप्रक्रिया, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सुरुवात उदगीरपासून झाली. उदगीर म्हटले की आम्हाला किल्ला आठवतो, १७६० ची लढाई आठवते, फार तर देवणी बैल आठवतात. तिथे मत्स्यविज्ञानाचे महाविद्यालय आहे, हे पुतण्याला प्रवेश मिळाला तेव्हा कळले. म्हणजे मला कळले. दादांनी मात्र "पोरगं ढोराचा डॉक्टर व्हायलंय" असे पारावर सांगून टाकले होते. चार वर्षांनी पोरगा बी.एफ.एस्सी. होऊन आला, तेव्हा त्यांनी मला विचारले, "यातला एफ कशाचा रे?" मी बँकेतला माणूस. नको ती गोष्ट ग्राहकाला हप्त्याहप्त्याने सांगायची मला सवय आहे. म्हणालो, "दादा, पाण्याशी संबंधित आहे."

पण पुढे तो एम.एफ.एस्सी.ला रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात गेला, आणि दुसरा हप्ता भरायची वेळ आली. "मासे कापायलाय?" दादा एवढेच म्हणाले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. वहिनींनी माझ्यामागे लकडा लावला, "भाऊजी, एकदा जाऊन बघून तरी या." योगायोगाने माझी एलएफसी शिल्लक होती. सहकुटुंब रत्नागिरी गाठली.

संशोधक म्हणजे पांढरा कोट, काचेची नळी आणि विचारमग्न चेहरा अशी माझी कल्पना. आमचा संशोधक पहाटे मिरकरवाडा बंदरात गमबूट घालून, एका हातात बर्फाची पेटी आणि दुसऱ्या हातात पट्टी ठोकलेली लाकडी फळी घेऊन उभा होता. होड्या लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या, लिलावाचा गलका चालला होता आणि हा प्रत्येक टोपलीपुढे भिक्षेकऱ्यासारखा वाकत होता. एक मावशी म्हणाल्या, "घेणार आहेस की नुसता मापणार?" त्याला पापलेटवर काम करायचे होते, पण स्टायपेंडला बांगडाच परवडला. विषय निवडताना मार्गदर्शकाइतकेच पाकिटालाही विचारावे लागते, हे मला तिथे कळले.

मग प्रयोगशाळा. एकेक बांगडा फळीवर आडवा करायचा, तोंडापासून शेपटीपर्यंत लांबी घ्यायची, वजन करायचे, पोट उघडून नर की मादी पाहायचे, अंडी कितपत पिकली ते नोंदवायचे, आणि शेवटी जठर उघडून गड्याने काय खाल्ले त्याची झडती घ्यायची. मी पाहून थक्क झालो. अहो, हे तर आमचेच काम! प्रत्येक माशाचे खाते, वारस आहे की नाही त्याची नोंद, आणि जठर म्हणजे चक्क पासबुक. शेवटचा व्यवहार कोणता ते उघडल्याबरोबर कळते. बोंबलाच्या जठरात म्हणे जवळा तर निघतोच, पण कधीकधी लहान बोंबीलही निघतात. स्वतःच्याच भाऊबंदांना गिळणारा तो प्राणी पाहून मला आमच्याकडच्या जमिनीच्या वाटण्या आठवल्या.

माशाच्या कानातही एक खडा असतो. धोम्याचा चांगला टपोरा, बांगड्याचा अगदी तांदळाच्या कणीएवढा. थंड मुलुखातल्या माशांच्या या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलये उमटतात आणि त्यावरून वय कळते. आपल्या समुद्रात हिवाळा-उन्हाळ्याचा फरक थोडा, म्हणून वलये पुसट. तेव्हा दर महिन्याला शेकडो मासे मोजायचे आणि लांबीवरून वाढीचा हिशेब बसवायचा. थोडक्यात, जन्मदाखला नसलेल्या खातेदाराचे वय ठरवायचे. हे काम मी पेन्शनच्या खात्यांवर पुष्कळ केले आहे.

राहता राहिला वास. समुद्राच्या माशाच्या अंगात एक द्रव्य असते, मेल्यावर जंतू त्याचे रूपांतर करतात आणि वास सुटतो. आंबटाने तो मरतो, म्हणून कोकणात माशाला लिंबू-कोकम आणि आमच्या संशोधकाच्या हाताला चिंच. तरी एसटीत त्याच्या शेजारची जागा कायम रिकामी. आणि एवढे करून गडी मासा खात नाही. मासा डोळे भरून पाहतो, पोट भरून नाही.

जूनच्या १ तारखेला यांत्रिक होड्यांची मासेमारी पावसाळ्यापुरती बंद झाली आणि पोरगा पेरणीला घरी आला. बांधावर दादांनी मनातले विचारलेच, "मासे मोजून मिळतं काय?"

तो म्हणाला, "बाबा, साल वाईट गेलं तर बियाण्याचं पोतं फोडून खाता का?"

"येडा झालास का? बियाणं खाल्ल्यावर पुढच्या साली पेरायचं काय?"

"तेच चालू आहे समुद्रात. जाळ्याची भोकं बारीक झाली की एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू वर येतं. कोणता मासा केवढा झाला म्हणजे अंडी घालायजोगा होतो, हे मोजल्याबिगर कसं कळंल?"

मी मध्येच बँकेच्या भाषेत "मुद्दल आणि व्याज" असे काहीतरी बोलू लागलो, पण दादांनी हाताने गप्प केले. त्यांना समजले होते. पोराने पुढे सांगितले की, २०२३ साली राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान पकडायचा नाही. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला, आणि त्याचीच तळहाताएवढी पिल्ले बाजारात येतात. दादा बराच वेळ पोत्यावर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "कोळ्याचंही पोट आहे बाबा. त्याला दुष्काळात कोण सांगणार?" या प्रश्नाला पोराकडे पट्टी नव्हती. तो म्हणाला, "म्हणूनच बंदरावर जाऊन बोलावं लागतं. नुसतं मोजून भागत नाही."

तेव्हापासून दादा बदलले आहेत. परवा आठवडी बाजारात, कपाळी बुक्का, गळ्यात तुळशीमाळ अशा थाटात ते रोहूच्या टोपलीवर वाकलेले लोकांनी पाहिले. विचारत होते, "केवढा आहे हा? अंडी घालून झाली का याची?"

मासेवाला हात जोडून म्हणाला, "माऊली, मी विकायलोय, त्याचा संसार नाही बघायलो."

दादांची माळ सुटली, ही बातमी दुपारपर्यंत माझ्या काउंटरवर येऊन पोचली. मी सर्वांना सांगितले, माळ आहे तिथेच आहे. फक्त सदऱ्याच्या खिशात हरिपाठाचे पुस्तक असते ना, त्यात खूण म्हणून हल्ली सहा इंची पट्टी असते.