चेसीखाली वाकून बघितल्याशिवाय इसार देऊ नका



परवाच्या पावसानं वापसा मोडलाय. उसात पाय ठेवला की घोट्यापर्यंत चिखल. म्हणून आज पिकाचं नाही, एका गाडीचं लिहितो. जुना ट्रॅक्टर घेणारा असो की विकणारा, दोघांच्याही कामाचं आहे.

माझा पुतण्या अमेरिकेत ओहायो राज्यात नोकरीला आहे. मागच्या आठवड्यात त्यानं एक फोटो पाठवला. "तात्या, ही घेऊ का?" लाल रंगाची, लांब नाकाची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी गाडी. शेव्हरोलेची कॉर्व्हेट, १९७४ चं मॉडेल. विकणारा मक्याची शेती केलेला म्हातारा. मागणी १४ हजार डॉलर.

मी म्हणलं, "दोन सीटच्या गाडीत तू, सूनबाई आणि पोरगी बसणार कुठं?" तो नुसता हसला. लहानपणापासून त्याला या गाडीचं वेड आहे. वेडापुढं हिशोब चालत नाही, हे मला खिलार बैलांवरनं माहीत आहे.

त्याच्याकडनं एकेक ऐकत गेलो आणि मलाही गोडी लागली. ही गाडी पहिल्यांदा १९५३ साली मिशिगनमधल्या फ्लिंट गावी बनली. त्या साली फक्त ३०० गाड्या, सगळ्या पांढऱ्या, आतनं लाल. बॉडी पत्र्याची नाही, फायबरची. थोड्या गाड्यांसाठी पत्रा दाबायचे महागडे साचे करणं परवडत नव्हतं. पुढं कारखाना मिसूरीतल्या सेंट लुईसला गेला, १९८१ साली तिथनं केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला. पण फायबरची बॉडी आजपर्यंत सुटली नाही.

१९७४ च्या गाडीला साध्यातलं साधं इंजिन ३५० घन इंचाचं, आठ सिलिंडरचं, १९५ हॉर्सपॉवर. माझा ट्रॅक्टर ४५ चा. मागं मात्र आडवा कमानपाटा, एकावर एक पट्ट्या रचलेला. फोटो बघून म्हणलं, हा तर आपल्या ट्रॉलीचा भाऊबंद! पुढचे दिवे झाकलेले असतात, हवेच्या ओढीवर उघडतात. नळी कुठं फुटली की एक डोळा उघडतो, दुसरा झोपलेला.

म्हाताऱ्यानं जाहिरातीत हे दिव्याचं स्वतःच लिहिलं होतं. शिवाय लिहिलं होतं की इंजिन मूळचं नाही, बदललेलं आहे. तिकडं या गोष्टीला फार मोल. गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे कारखान्यात इंजिनाच्या ब्लॉकवरही ठोकलेले असतात. दोन्ही जुळले तर भाव चढतो, नाही जुळले तर उतरतो. पुतण्या त्यावरच अडला होता.

मला माझं २००४ साल आठवलं. एका व्यापाऱ्याकडनं जुना ट्रॅक्टर घेतला. नवा रंग, नवे टायर, आवाज गोड. इसार दिला, पैसे दिले, घरी आणून पूजा केली. नावावर करायला गेलो तेव्हा कळलं की आरसी बुकातला इंजिन नंबर वेगळा आणि इंजिनावरचा वेगळा. आठ महिने हेलपाटे घातले. नंबर बघायला पाच मिनिटं लागली असती. मी रंग बघत बसलो.

म्हणून पुतण्याला म्हणलं, "जो आपणहून खोट सांगतो त्याचं इंजिन राहू दे. तू खाली शिर आणि चेसी बघ." बॉडी फायबरची, तिला गंज चढत नाही. पण खाली चेसी लोखंडाचीच. ओहायोत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ चेसीत बसतं. वरनं गाडी नवरीसारखी आणि खालनं पोखरलेली, हे या गाडीचं जुनं दुखणं.

शनिवारी त्यानं व्हिडिओ कॉल लावला. त्याची सकाळ, माझी संध्याकाळ. पाठीवर झोपून तो बॅटरी मारत होता. मागच्या चाकाच्या पुढं, चेसी जिथं वर वळते, तिथं म्हणलं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोक. डावीकडं खण्ण वाजलं. उजवीकडं भद्द. टोक लावलं तर पापुद्रा सुटला आणि टोक आत गेलं.

म्हाताऱ्याला हे ठाऊक नव्हतं. गुडघ्यामुळं तो कितीतरी वर्षांत खाली वाकलाच नव्हता. पुतण्यानं दाखवल्यावर गप्प उभा राहिला. मग म्हणाला, बरं झालं सांगितलंस. बॉडी उचलून चेसी दुरुस्त करणं पुतण्याच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून सौदा झाला नाही. पण त्याच रात्री जाहिरातीत एक ओळ वाढली: उजवीकडं चेसी सडली आहे, येऊन बघावं. किंमतही त्यानं खाली आणली.

ती ओळ वाचून मला झोप लागली नाही. कारण माझाही ट्रॅक्टर विकायचा आहे. पोराची फी भरायची आहे. शेजारच्या गावचं गिऱ्हाईक रविवारी ट्रायलला येणार होतं. लिफ्ट गरम झाली की नांगर धरून ठेवत नाही, हळूहळू खाली बसतो. मिस्त्री म्हणला होता, "तात्या, जाड तेल टाकू, ट्रायलपुरतं धरेल." आणि मी मान डोलावली होती. २००४ चा मार खाल्लेल्या माणसानं.

सकाळी मिस्त्रीला नको म्हणून सांगितलं आणि गिऱ्हाइकाला फोन लावला. तेच इथंही लिहितो:

ट्रॅक्टर ४५ एचपी, २०११ चं मॉडेल, विकणे आहे. चेसी आणि इंजिन नंबर आरसीप्रमाणे. लिफ्ट गरम झाल्यावर बसते. दुसरा गिअर चढाला निसटतो. पुढचे टायर एक हंगाम जातील. बॉनेट रंगवलेलं आहे, खालचा पोचा लपवायलाच.

गिऱ्हाईक म्हणालं, घरी विचारून सांगतो. अजून फोन आलेला नाही. चाळीसेक हजार कमी येतील असा माझा अंदाज.

तुम्ही कुणी बघायला आलात तर रंग बघू नका. स्क्रूड्रायव्हर घेऊन या, चहा माझ्याकडं.

वापसा आला की उसाच्या भरणीचं लिहितो. राम राम.